विस्मृतीची नोंदवही

२००७ सालच्या शरद ऋतूत, जिनिव्हा शहरालगतच्या एका भुयारात, हवा खेळती ठेवणाऱ्या यंत्रणेने वरच्या नियंत्रण-कक्षातून येणारे हुकूम मानण्याचे अकस्मात सोडून दिले. पंखे आणि मोटारी शाबूत होत्या, विजेचा पुरवठा अखंड होता, कोठे तार तुटलेली नव्हती की पाणी झिरपलेले नव्हते. तरीही यंत्रणा आणि तिचे धनी यांच्यातील संभाषण तुटले, आणि जेथे हवेवरचा ताबा सुटणे क्षणभरही परवडण्याजोगे नव्हते अशा त्या जागी तो सुटल्यामुळे, प्रोटॉनांचा झोत बंद करून त्या हंगामाचे काम आवरते घ्यावे लागले.

हे भुयार सर्न या युरोपीय संशोधनसंस्थेच्या एका विलक्षण उपक्रमासाठी खोदलेले होते. सुपर प्रोटॉन सिंक्रोट्रॉन या त्वरकातून ४०० गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे प्रोटॉन काढून ते ग्रॅफाइटच्या कांड्यांवर आदळावयाचे, त्या आघातातून उसळलेल्या पायॉन व केऑन कणांना सुमारे एक किलोमीटर लांबीच्या नळीत क्षय पावू द्यावयाचे, आणि त्यांच्यापासून उपजलेल्या न्यूट्रिनोंचा झोत भूगर्भातील खडकातून थेट ७३२ किलोमीटर दूर, इटलीतील ग्रान सासो पर्वताच्या पोटात मांडलेल्या उपकरणांपर्यंत पोचवावयाचा, अशी ती योजना होती. २००६ साली तिचा आरंभ झाला. दुसऱ्या वर्षी कामाला वेग येऊन लक्ष्यावर सुमारे ८ वर १७ शून्ये इतके प्रोटॉन पडले, तोच हा प्रसंग ओढवला. एवढी मोठी संख्या वाचून मनास दिपल्यासारखे होते, परंतु नियोजित पूर्ण वर्षाच्या हिशेबात ती जेमतेम दोन टक्क्यांच्या घरात जाते. म्हणजे ज्या घराने शंभर पावसाळे काढावेत अशी अपेक्षा होती, ते दुसऱ्याच पावसाळ्यात गळू लागले.

चौकशीअंती दोष सापडला तो लक्ष्याजवळच्या बाजूच्या बोगद्यात ठेवलेल्या नियंत्रक-पेट्यांमध्ये. त्या पेट्या बाजारात मिळणाऱ्या, कारखान्यांतून सर्रास वापरल्या जाणाऱ्या जातीच्या होत्या. लक्ष्यावरील आघातांतून फुटलेले न्यूट्रॉन आणि इतर वेगवान कण खडकाच्या वळणांवरून, केबलींसाठी ठेवलेल्या मोकळ्या जागांतून, काँक्रीटच्या भिंतींतून गाळून निघत त्या पेट्यांपर्यंत पोचत होते, आणि त्यांपैकी एखादा कण चिपच्या नेमक्या ठिकाणी लागला की तिच्या स्मृतीतील एखादा बिट उलटत होता, म्हणजे एकाच्या जागी शून्य किंवा शून्याच्या जागी एक होत होते. चिपला इजा होत नव्हती. तिला पढवलेले ती विसरत होती, एवढेच.

कणत्वरकांच्या इतिहासात या प्रसंगाला मी फार मोठे स्थान देतो. कारण त्वरकाभोवती किरणोत्सर्गावर पहारा ठेवण्याचा शिरस्ता तोवर सत्तर वर्षांचा जुना झाला होता, पण तो मुख्यतः माणसासाठी होता.

त्या शिरस्त्याच्या जन्मासंबंधी एक कथा भौतिकशास्त्रज्ञांमध्ये परंपरेने चालत आलेली आहे. कॅलिफोर्नियातील बर्कले येथे अर्नेस्ट लॉरेन्स यांनी सायक्लोट्रॉन उभारला, आणि १९३५ च्या सुमारास त्यांचे वैद्य बंधू जॉन लॉरेन्स तेथे येऊन न्यूट्रॉनांचा सजीवांवर काय परिणाम होतो याचा शोध घेऊ लागले. एका लहानशा नळकांड्यात उंदीर ठेवून तो यंत्राच्या अंतर्भागी नेण्यात आला, थोडा वेळ झोत चालवला, आणि बाहेर काढून पाहतात तो उंदीर मेलेला! भोवती उभे असलेले तरुण संशोधक, जे तोवर त्या यंत्राभोवती घरच्या अंगणासारखे वावरत होते, ते एका क्षणात सावध झाले. पुढे तपासात निष्पन्न झाले की उंदीर न्यूट्रॉनांनी मेलाच नव्हता, नळकांड्यात श्वास कोंडून त्याचा अंत झाला होता. तथापि बसलेला धाक कामी आला, कारण त्या जागी धाक बाळगण्यास खरेच कारण होते. यंत्राभोवती पाण्याचे डबे रचले गेले, कारण पाण्यातील हायड्रोजन न्यूट्रॉनांचा वेग शोषून घेतो, आणि नियंत्रणाचे मेज यंत्रापासून दूर हलवले गेले.

पुढच्या दशकांत या सावधगिरीला रीतसर कायद्याचे रूप आले. छातीवर छायाचित्रणाच्या फिल्मचा बिल्ला लावावयाचा, ठरल्या मुदतीने ती फिल्म धुऊन तिच्या काळेपणावरून माणसाने किती मात्रा झेलली ते ठरवावयाचे, आणि तो आकडा त्याच्या नावे कायम दफ्तरी ठेवावयाचा, असा जाबता जगभर रूढ झाला. आपल्याकडे मुंबईच्या तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने फिल्मच्या जागी कॅल्शियम सल्फेटात डिस्प्रोशियमचा अंश मिसळून केलेल्या चकत्यांचा बिल्ला प्रचारात आणला. तापवल्यावर त्या चकत्या झेललेल्या मात्रेच्या प्रमाणात प्रकाश देतात. महाराष्ट्रातील कोणत्याही मोठ्या रुग्णालयाच्या क्ष-किरण विभागात डोकावले तर तंत्रज्ञाच्या डगल्यावर हा बिल्ला दिसेल. तो आपल्या इतका परिचयाचा झाला आहे की त्यामागची कल्पना किती उदात्त आहे हे आपल्या ध्यानात येत नाही. दिसत नाही, दुखत नाही, वास येत नाही अशा एका गोष्टीचा हिशेब, प्रत्येक माणसाच्या नावाने, शेवटपर्यंत ठेवावयाचा, ही ती कल्पना होय.

त्वरक वाढत गेले तसतसा या संरक्षणाचा अंतिम उपाय असा ठरला की झोत चालू असताना माणसाने आत असूच नये. दरवाजे कुलपांनी आणि झोत त्या कुलपांनी बांधला गेला. आत जाणाऱ्या प्रत्येकाने एक किल्ली बरोबर न्यावी आणि सर्व किल्ल्या परत आपल्या खाचेत बसल्याखेरीज झोत सुरू होऊ नये, असा बंदोबस्त झाला. माणूस बाहेर आला. परंतु भुयारातील चुंबक, पंप, झडपा, तापमापक यांना सांभाळणारे कोणीतरी आत हवेच होते. माणसाच्या जागी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा तैनात झाली, आणि ती निर्जीव असल्यामुळे तिला किरणोत्सर्गाचे भय नाही असे बहुतेकांनी गृहीत धरले.

हे गृहीतक अगदीच अडाणी नव्हते, कारण निर्वात काचेच्या नळ्यांच्या काळात ते बरेचसे खरे होते. ट्रान्झिस्टर आला आणि परिस्थिती पालटली. तिची पहिली ठळक साक्ष भुयारात नव्हे, आकाशात मिळाली. ९ जुलै १९६२ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरावर सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर १.४ मेगाटनांचा अण्वस्त्र-स्फोट केला आणि त्यातून सुटलेल्या इलेक्ट्रॉनांनी पृथ्वीभोवतीचे प्रारण-पट्टे भरून गेले. दुसऱ्याच दिवशी टेलस्टार हा दूरसंचार उपग्रह त्याच प्रदेशात सोडण्यात आला. अटलांटिक महासागरापलीकडे दूरचित्रवाणीची चित्रे पोचवून ज्याने जगाला चकित केले, तो हा उपग्रह काही महिन्यांतच हुकूम ऐकेनासा झाला, कारण आज्ञा उलगडणाऱ्या मंडलातील ट्रान्झिस्टर मात्रा साठून साठून निकामी झाले होते. अभियंत्यांनी मोठ्या चातुर्याने त्याला १९६३ च्या जानेवारीत पुन्हा बोलते केले, पण फेब्रुवारीत तो कायमचा मुका झाला.

टेलस्टारचा अंत हा झिजेचा अंत होता; दोराने दगडाला खाच पडावी तशी मात्रा थेंबाथेंबाने साठत गेली. पण याहून निराळी, एकाच कणाच्या एकाच फटक्याने घडणारी बाधा असू शकते, हे १९७५ साली बाइंडर, स्मिथ आणि होलमन यांनी दाखवून दिले. उपग्रहांच्या १७ वर्षांच्या एकत्रित सेवाकाळात घडलेल्या चार अनाकलनीय प्रसंगांचा उलगडा त्यांनी विश्वकिरणांतील जड कणांच्या आधारे केला. प्रसंग थोडे होते, म्हणून अनेकांनी ते मनावर घेतले नाही. मग १९७८ साली इंटेल कंपनीतील टिमथी मे आणि मरी वुड्स यांनी दाखवले की जमिनीवर, दिवाणखान्यातसुद्धा, मेमरी चिपांचे बिट उलटत आहेत, आणि तो शत्रू आकाशातून येत नसून चिपच्याच वेष्टणात युरेनियम-थोरियमच्या सूक्ष्म अंशातून अल्फा कणांच्या रूपाने बसलेला आहे. १९७९ साली झीग्लर आणि लॅनफर्ड यांनी गणित मांडले की विश्वकिरणांपासून वातावरणात उपजणारे न्यूट्रॉनही समुद्रसपाटीवर हेच काम करू शकतात. याचे कारण समजण्यास सोपे आहे. चिप जितकी लहान, तितका तिच्यातील एक बिट धरून ठेवणारा विद्युतभार थोडा, आणि तितक्या थोड्या धक्क्याने तो ढळतो. मानवाने स्मृती सूक्ष्म केली आणि त्याबरोबर ती नाजूकही केली.

आता पुन्हा जिनिव्हाकडे वळू. १९८९ ते २००० या काळात इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनांच्या टकरी घडवणाऱ्या त्वरकासाठी खोदलेले २७ किलोमीटर परिघाचे वर्तुळाकार भुयार रिकामे झाल्यावर त्यातच नवा प्रोटॉन-त्वरक, लार्ज हॅड्रॉन कोलायडर, बसवावयाचे ठरले होते. वाकवणारे १,२३२ चुंबक, प्रत्येकी १५ मीटर लांब, निरपेक्ष शून्याच्या वर केवळ १.९ अंशांवर थंड राखलेले. त्यांच्याभोवती शीतकरण, निर्वात, झोताचे स्थान, अतिवाहकतेचे संरक्षण यांची हजारो मंडले. ही मंडले सुमारे १०० मीटर वर, जमिनीवर ठेवावीत तर केबलींचे लांब-लांब भारे सर्व परिघावर ओढावे लागले असते आणि कित्येक संकेत तर इतक्या लांबून वाचताच आले नसते. म्हणून बरीच यंत्रणा भुयारात, चुंबकांच्या अगदी पोटाखाली, आणि बाकीची भुयाराच्या कडेला खोदलेल्या कोनाड्यांत बसवली गेली. अवकाशयानासाठी घडवलेले प्रारणसह भाग इतक्या मोठ्या संख्येने विकत घेणे कोणत्याही खजिन्याच्या आवाक्यातले नव्हते, तेव्हा बाजारातले भाग घ्यावयाचे आणि पारखून वापरावयाचे हेच धोरण पत्करले गेले. त्या पारखणीसाठी जुन्या त्वरकाच्या लक्ष्यांजवळ एक जागा राखून तेथे विसाव्या शतकाच्या अखेरीपासूनच भुयारात बसावयाच्या मंडलांना कणांच्या माऱ्यात उभे करण्यात येत होते.

परंतु पारख करूनही एक प्रश्न शिल्लक राहतोच. अमुक मंडल अमुक मात्रेपर्यंत टिकते हे कळले, तरी त्याच्या वाट्याला प्रत्यक्षात किती मात्रा येणार? गणकयंत्रांवर अनुमाने करता येतात आणि ती केलीही गेली, पण झोतातील किती कण कोठे भरकटतील, नळीतील उरल्यासुरल्या वायूच्या अणूंवर किती आपटतील, कोणत्या वळणावरून न्यूट्रॉनांचा लोट कोनाड्यात शिरेल, याची खातरी तेथे बसून मोजल्याशिवाय होत नाही. शिवाय माणसाचे मापक येथे उपयोगाचे नव्हते. माणसाच्या ऊतींवर होणारा परिणाम हे एक परिमाण आणि सिलिकनवर होणारा परिणाम हे दुसरे. यंत्राला यंत्राचेच मापक हवे होते.

या गरजेतून सर्नमध्ये या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत थाइस वाइनांड्स, क्रिस्तियाँ पिन्यार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक लहानशी पेटी सिद्ध केली. तिला रॅडमॉन म्हणतात. ती भिंतीला किंवा चुंबकाखाली अडकवतात, आणि तिचे आकडे केबलीवरून वरच्या दफ्तरात सतत जात राहतात. लार्ज हॅड्रॉन कोलायडर हा महात्वरक सुरू होईपर्यंत अशा तीनशेहून अधिक पेट्या तैनात झाल्या होत्या. या पेटीच्या रचनेकडे मी जितके अधिक पाहतो तितका तिच्याविषयीचा आदर वाढतो, म्हणून तिच्यापाशी थोडे थांबतो.

सिलिकनला किरणोत्सर्ग तीन प्रकारांनी बाधतो, आणि पेटीला त्यासाठी तीन इंद्रिये दिलेली आहेत. पहिली बाधा झिजेची, टेलस्टारला झाली ती. किरणोत्सर्ग ट्रान्झिस्टरच्या ऑक्साइडच्या थरात विद्युतभार सोडून जातो, तो भार तेथेच अडकतो, आणि ट्रान्झिस्टर चालू होण्यास लागणारा दाब हळूहळू सरकत जातो. हा सरकणारा दाबच मापक म्हणून वापरावा ही कल्पना इंग्लंडमधील अँड्रू होम्स-सिडल यांनी १९७४ साली मांडली होती, आणि त्यातून मुद्दाम जाड ऑक्साइडचे ट्रान्झिस्टर घडवण्यात आले. ऑक्साइड जितके जाड, तितका मापक संवेदनशील आणि तितकाच लवकर भरून जाणारा; म्हणून जागा पाहून जाडी निवडावी लागते. दुसरी बाधा विस्थापनाची. न्यूट्रॉन स्फटिकातील अणूंना त्यांच्या जागेवरून हुसकून लावतात आणि स्फटिकाची घडण बिघडते. ती ओळखण्यासाठी डायोड वापरतात, आणि हा डायोड कोणता, तर सीमेन्स कंपनीचा बीपीडब्ल्यू-३४, जो मुळात उजेड ओळखण्यासाठी बनवलेला आणि बाजारात अत्यल्प किमतीत मिळणारा आहे. असे तीन डायोड एकापुढे एक जोडून त्यांतून ठरावीक प्रवाह सोडला, की वाढत्या विस्थापनाबरोबर त्यांच्या टोकांवरील दाब वाढत जातो.

तिसरे इंद्रिय हे त्या पेटीचे हृदय आहे. एका कणाच्या फटक्याने बिट उलटतो ही जी तिसरी बाधा, तिचे मोजमाप करण्यासाठी पेटीत एक मेमरी चिप बसवलेली असते. तिने कोणाचे कोणतेही काम करावयाचे नसते. तिच्यात शून्य-एकाची ठरावीक नक्षी लिहावयाची, थोड्या वेळाने ती वाचावयाची, आणि किती बिट उलटले ते मोजावयाचे, एवढेच तिचे काम. एक चौरस सेंटिमीटरमधून एक कण गेला तर एक बिट उलटण्याची शक्यता किती, हे प्रयोगशाळेतील ज्ञात झोतात आधी ठरवलेले असते. तेव्हा उलटलेल्या बिटांच्या संख्येवरून त्या जागेतून २० मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टांहून अधिक ऊर्जेचे हॅड्रॉन कण किती गेले याचा हिशेब सरळ लागतो. न्यूट्रिनोंच्या भुयारात जो दोष होता, तोच येथे मापनाचे साधन झाला.

मेमरी चिपा बनवणाऱ्या कारखान्यांचे सारे प्रयत्न आपल्या चिपने विसरू नये यासाठी चाललेले असतात, आणि अलीकडच्या कित्येक चिपा तर आपली चूक आतल्या आत दुरुस्त करून बाहेर बिनचूक उत्तर देतात. पहारेकऱ्याला अशी चिप चालत नाही. त्याला हवी ती निमूटपणे विसरणारी, विसरलेले न लपवणारी, आणि ठरलेल्या प्रमाणातच विसरणारी चिप. म्हणून बाजारातील मालातून निवडून, त्यांच्या तुकडीतुकडीची तपासणी करून, तोशिबा कंपनीची ४ मेगाबिटांची एक चिप या कामासाठी ठरवण्यात आली. पुढच्या आवृत्तीत तिची जागा सायप्रस कंपनीच्या चिपने घेतली.

तोशिबाच्या चिपचा आणखी एक गुण तंत्रज्ञांनी हेरला. चिपांच्या घडणीत बोरॉन हे मूलद्रव्य असते, आणि बोरॉनचा एक समस्थानिक मंद न्यूट्रॉन गिळून त्याच्या बदल्यात अल्फा कण आणि लिथियमचा अणुगर्भ बाहेर फेकतो, जे दोन्ही बिट उलटवण्यास पुरेसे असतात. तेव्हा उलटलेला बिट वेगवान हॅड्रॉनाने उलटला की मंद न्यूट्रॉनाने, हे कसे ओळखावे? चिपला ५ व्होल्ट दिले असता ती बहुतांशी वेगवान कणांनाच दाद देते, आणि ३ व्होल्ट दिले असता तिचा बंदोबस्त ढिला होऊन मंद न्यूट्रॉनांनाही ती बळी पडते. दोन्ही दाबांखाली मोजून दोन आकड्यांची तुलना केली की दोन्ही जातींच्या कणांची संख्या वेगळी काढता येते. चुंबकाशेजारी वेगवान कण जास्त असतात, तर काँक्रीटच्या भिंतीआड, वळणावळणांनी दूर गेलेल्या कोनाड्यात, मंद न्यूट्रॉनांचे प्रमाण वाढते. म्हणून हा भेद काढता येणे ही नुसती हौस नव्हती.

न्यूट्रिनोंच्या भुयारात २००७ साली जे घडले त्याने या पेटीचे महत्त्व एकाएकी सर्वांना पटले, कारण शेजारीच महात्वरकाची जुळणी अखेरच्या टप्प्यात होती आणि त्याच्या कोनाड्यांतून त्याच जातीची बाजारी यंत्रणा रांगेने उभी होती. न्यूट्रिनोंच्या भुयारात पेट्या सुरक्षित जागी हलवून, भिंती घालून २००८ साली काम पुन्हा सुरू झाले. महात्वरकासाठी एक स्वतंत्र अभ्यासगट नेमला गेला, आणि पुढे त्याचाच मोठा प्रकल्प झाला. कोणत्या कोनाड्यात काय ठेवले आहे, ते कोणत्या मात्रेला पारखले आहे, अनुमान काय आणि रॅडमॉनचा आकडा काय, अशी खानेसुमारी सुरू झाली. मला वाटते, या कामातील खरी तपश्चर्या येथे आहे. कणांच्या टकरी पाहण्यासाठी आलेल्या विद्वानांच्या संस्थेत काही माणसांनी वर्षानुवर्षे कपाटांची, केबलींची आणि चिपांच्या अनुक्रमांकांची यादी करावी, आणि त्या यादीवर पुढच्या साऱ्या शोधांचे भवितव्य अवलंबून राहावे!

२०१० पासून त्वरक नित्य चालू लागला तेव्हा भाकीत खरे ठरले. एखाद्या नियंत्रकाचा बिट उलटला की संरक्षण-यंत्रणा धोका गृहीत धरून झोत तत्काळ ग्रॅफाइटच्या लादीत सोडून देते. त्यात इजा कोणाला होत नाही, पण झोत नव्याने भरण्यात, चुंबक पुन्हा चढवण्यात काही तास जातात. हा तोटा टकरींच्या साठ्याच्या प्रमाणात मोजतात, आणि त्या साठ्याचे एकक आहे व्यस्त फेम्टोबार्न. २०११ साली दर एककामागे सुमारे १२ वेळा किरणोत्सर्गामुळे झोत सोडून द्यावा लागला. अत्यंत निकडीच्या जागा रॅडमॉनच्या आकड्यांवरून ओळखून तेथे लोखंडाच्या आणि काँक्रीटच्या भिंती घातल्यावर २०१२ साली हे प्रमाण सुमारे ३ वर आले, आणि त्याच साली, जुलैच्या ४ तारखेला, हिग्ज कणाच्या शोधाची घोषणा झाली. त्या दिवशीच्या टाळ्यांमध्ये या भिंतींचा वाटा कोणी बोलून दाखवला नसेल, पण तो होता. २०१३ साली सुरू झालेल्या दीर्घ विरामात अनेक ठिकाणची कपाटेच्या कपाटे उचलून दूरच्या, अधिक सुरक्षित दालनांत नेण्यात आली, आणि प्रमाण दोन एककांमागे एकदा इतके खाली आणण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. त्यानंतर जी यंत्रणा दूर नेणे शक्यच नव्हते, उदाहरणार्थ चुंबकांना प्रवाह पुरवणाऱ्या परिवर्तकांचे नियंत्रक, ती नव्याने, किरणोत्सर्ग सोसेल अशी घडवून २०१७ पासून बसवण्यात आली.

याच चुंबकांखालच्या कपाटांत आपल्याही देशाचा हात लागलेला आहे. भारत आणि सर्न यांच्यातील करारानुसार अतिवाहक चुंबकाची अतिवाहकता मोडू लागताच त्याला सर्वत्र सारखी उष्णता देऊन वाचवणारे सुमारे ५,५०० वीजपुरवठा-संच हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशनने बनवून पाठवले, आणि चुंबक तोलून धरणारे हजारो अचूक उचलक इंदूरच्या राजा रामण्णा केंद्राच्या देखरेखीखाली घडले. ज्या मिश्र कणवर्षावाची नोंद रॅडमॉन घेतो, त्याच वर्षावात हे संच उभे आहेत.

न्यूट्रिनोंच्या त्या भुयाराचे पुढे काय झाले, हेही सांगितले पाहिजे. ज्या बाजूच्या बोगद्यांत नियंत्रक विसरले होते, तेथील मिश्र कणक्षेत्र महात्वरकाच्या भुयारातील क्षेत्राशी बरेच मिळतेजुळते होते. नियंत्रक तेथून हलवल्यावर त्या रिकाम्या जागेत महात्वरकाची मंडले मुद्दाम आणून ठेवावीत आणि ती कशी चुकतात ते पाहावे, असे ठरले. न्यूट्रिनोंचा झोत चालूच होता, त्याच्या सावलीत ही परीक्षा फुकट होत होती. २०१२ च्या अखेरीस न्यूट्रिनोंचे काम संपेपर्यंत तो बोगदा सर्नमधील इलेक्ट्रॉनिक यंत्रणेची मुख्य परीक्षाशाळा होऊन राहिला, आणि शेजारी टांगलेले रॅडमॉन प्रत्येक परीक्षेच्या मात्रेचा दाखला देत राहिले. त्यानंतर २०१४ साली मुद्दाम त्याच कामासाठी शार्म नावाची नवी शाळा उभी राहिली. तेथे २४ गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टांचे प्रोटॉन तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या लक्ष्यावर आपटतात आणि लोखंडाच्या व काँक्रीटच्या सरकत्या भिंती मागेपुढे करून भुयार, कोनाडा, वातावरण किंवा अवकाश यांपैकी हवे ते कणक्षेत्र उभे करता येते. जुन्या भुयारात आता प्लाझ्माच्या लाटांवर इलेक्ट्रॉनांना वेग देण्याचा निराळाच प्रयोग मांडलेला आहे.

त्वरकाच्या विरामकाळात, झोत थांबून आतील तीव्रता ओसरल्यावर, तंत्रज्ञ भुयारात उतरतात आणि ज्या पेट्यांची इंद्रिये भरून गेली असतील त्या उतरवून नव्या अडकवतात. आत जाताना त्यांच्या छातीवर दोन मापक असतात, एक मात्रा वाढताच आवाज देणारा आणि दुसरा कायमच्या हिशेबाचा. सर्नने या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत या दुसऱ्या कामासाठी जो बिल्ला स्वीकारला, त्याच्या पोटात एक सूक्ष्म आयनकोठी आणि तिच्यात उघडा ठेवलेला एक ट्रान्झिस्टरी स्मृतिकोश असतो. त्यावर आधी साठवलेला विद्युतभार किरणोत्सर्गाबरोबर हळूहळू ओसरत जातो, आणि किती उरला यावरून माणसाने झेललेली मात्रा कळते. भुयारातून वर आल्यावर महिन्याच्या ठरल्या दिवशी तंत्रज्ञ तो बिल्ला भिंतीवरच्या वाचनयंत्रात सरकवतो, खाली उतरवलेल्या पेट्या प्रयोगशाळेकडे रवाना होतात, आणि दोघांचे आकडे आपापल्या दफ्तरात चढतात.